बऱ्या दिवशी हात आखडता घे

सांगली,
२२ जून

चि. मेघना हिस,
सुमनमावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझे रिपोर्ट आणि डॉक्टरांची चिठ्ठी, दोन्हींचे फोटो मिळाले. परवा फोनवर तुला धड बोलवत नव्हतं म्हणून मीही फार ताणलं नाही. ताई सांगत होती, पोरगी दोन दिवस नुसती रडतेय. अशा वेळी फोनवर सांगितलेलं डोक्यात राहत नाही, आणि तुझ्या या दुखण्यात तर मुळीच राहत नाही. म्हणून सविस्तर लिहून पाठवते आहे. सगळं एका बैठकीत वाचू नकोस. वाचून झालं की निखिलरावांना दे, मधला थोडा भाग त्यांच्यासाठीच आहे.

तू पहिलाच प्रश्न विचारलास तो बरोबर विचारलास. सगळे रिपोर्ट नॉर्मल, एक्स-रे नॉर्मल, मग मान-खांदे-कंबर-पोटऱ्या सगळं ठणकतंय ते कशाने?

रक्ताच्या तपासण्या आणि एक्स-रे सांगतात ते एवढंच की सांध्याला सूज आहे का, हाड झिजलंय का, स्नायू खराब होतोय का. फायब्रोमायल्जियात बिघाड तिथे नसतो, तो मज्जासंस्थेत असतो. अंगाकडून येणाऱ्या संवेदना तोलायचं काम मेंदू आणि मज्जारज्जू करतात, आणि तुझ्याकडे हा तोलच चुकतोय. भाजीवाल्याचा काटा बिघडला की किलोभर कांद्याला तो दोन किलो दाखवतो. कांदे आहेत, आकडाही डोळ्यांना दिसतोय, पण आकडा कांद्यांपेक्षा फार मोठा आहे. अमेरिकेत रिचर्ड ग्रेसली, डॅनियल क्लॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली हेच मोजून दाखवलं. रुग्णांच्या आणि निरोगी माणसांच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला आणि त्याच वेळी मेंदूचा एफएमआरआय काढला. ज्या हलक्या दाबाला रुग्णांच्या मेंदूतले वेदनेचे भाग जागे झाले, तेवढ्याच दाबाला निरोगी माणसांचे जवळजवळ गप्प होते. त्यांना तेवढं दुखायला कितीतरी जास्त दाब द्यावा लागला. तेव्हा तुला कोणी म्हणालं की हे मनाचे खेळ आहेत, तर ते तिथल्या तिथे सोडून दे. वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ पासून अशा दुखण्याला ‘नोसिप्लास्टिक’ असा वेगळा वर्गच दिला आहे.

यातून निघणारी एक गोष्ट घट्ट धरून ठेव, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तुझं दुखणं खरं आहे, पण दुखतंय म्हणजे आत काही तुटतंय किंवा झिजतंय असं नाही. या आजाराने सांधे वाकडे होत नाहीत, पांगळेपण येत नाही. याचा पुढे आमवात होत नाही, आयुष्यही यामुळे कमी होत नाही. तुझ्या आजीच्या बोटांना झालं होतं ते वेगळं. ती भीती तू मनात धरून बसली आहेस हे मला तुझ्या आवाजावरून कळलं, म्हणून मुद्दाम लिहिते.

डॉक्टरांनी नुसते प्रश्न विचारले, हात लावून फारसं तपासलंच नाही, अशी तुझी तक्रार होती. १९९० सालच्या निकषांत अंगावरच्या १८ ठरावीक जागा दाबून बघायचे आणि त्यातल्या किमान ११ दुखल्या तरच हे नाव द्यायचे. २०१० मध्ये ती अट काढून टाकली. आता शरीराचे १९ भाग विचारतात, कुठे कुठे दुखतं ते. झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटतं का, थकवा किती, विसरायला होतं का, आणि हे सगळं किमान तीन महिने चालू आहे का, हेही विचारतात. म्हणजे तुझ्या डॉक्टरांनी काम नीट केलंय. त्यांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, ‘ड’ जीवनसत्त्व, सूज सांगणारे ईएसआर आणि सीआरपी सगळं करून घेतलंय, हेही चांगलं झालं. आपल्याकडे शाकाहारी माणसांत बी-१२ची कमतरता खूप असते, थायरॉइडही बायकांत खूप, आणि दोन्हींमुळे असंच अंग दुखतं. तुझं बी-१२ काठावर आहे, तर सांगितलेल्या गोळ्या पूर्ण कर. त्याने सगळं दुखणं जाईल अशी आशा धरू नकोस, पण कमतरता ठेवून व्यायामाला लागण्यात अर्थ नाही.

तुझं हे चिकनगुनियानंतर सुरू झालं. तापानंतर, अपघातानंतर, बाळंतपणानंतर, घरात मोठं संकट येऊन गेल्यावर हे सुरू झाल्याचं मी पुष्कळ जणींकडून ऐकलंय, आणि काही जणींना तर सुरुवात सांगताच येत नाही. घराण्यातही असतं. ताईची अर्धशिशी आणि तुझं हे दुखणं यांचं जवळचं नातं असू शकतं. तू काही चुकीचं केलंस म्हणून हे झालेलं नाही.

आता आराम कशाने पडतो ते सांगते. मिरजेला फिजिओथेरपीत इतकी वर्षं काढल्यावर मला एका गोष्टीची पक्की खात्री आहे. हे दुखणं वाईट दिवशी वाढलेलं दिसतं, पण ते वाढवलेलं असतं चांगल्या दिवशी.

आमच्याकडे एक बाई यायच्या, कॉलेजच्या मुलांची खानावळ चालवायच्या. रोज दोन्ही वेळचं मिळून पन्नासेक पानं. परातीत कणकेचा डोंगर घ्यायच्या आणि जमिनीवर गुडघ्यांवर बसून, खांद्यातून सगळं वजन मनगटांवर टाकून मळायच्या. दोन-तीन दिवस अंग ठणकून पडून राहायच्या, शेजारणीला पैसे देऊन पोळ्या करून घ्यायच्या. मग एखाद्या सकाळी उठल्यावर अंग हलकं वाटायचं. त्या दिवशी काय करू न काय नको असं व्हायचं त्यांना. साचलेलं सगळं काढायच्या. माळ्यावरचे डबे खाली, गोधड्या धुवायला, पिठाच्या गिरणीत दोन खेपा. संध्याकाळी म्हणायच्या, आज जमलं बघा सगळं. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठता यायचं नाही. असं महिनोन्महिने चाललं होतं, आणि दर फेरीला पडून राहायचे दिवस वाढत होते. पडून राहिल्याने स्नायू ढिले पडत होते, त्यामुळे पुढच्या चांगल्या दिवशी तेवढंच काम जास्त झेपेनासं होत होतं.

त्यांना आम्ही घड्याळ लावून दिलं. कणीक एकदम मळायची नाही, तीन वेळा मळायची. उभं राहून, ओट्यावर, दर खेपेला दहा मिनिटं. दहा मिनिटं झाली की हात थांबवायचे, दुखत असो वा नसो. सगळ्यात अवघड त्यांना हेच गेलं, न दुखता थांबणं. काम अर्धं दिसत असताना हात धुवून बाजूला बसायचं म्हणजे त्यांना आळस वाटायचा, लाज वाटायची. पण चार-सहा आठवड्यांनी ते पडून राहायचे दिवस विरळ झाले. दुखणं गेलं नव्हतं. मात्र उद्या काय करता येईल हे त्यांना आदल्या दिवशी सांगता यायला लागलं, आणि खानावळ चालवणाऱ्या बाईला तेवढं आलं की धंदा टिकतो.

तुझं तेच चाललंय, मेघना. मागे गौरी-गणपतीत तू दोन दिवसांत एकटीने सगळा फराळ केलास, आरास केलीस, आणि विसर्जनानंतर आठवडाभर ऑफिसला गेली नाहीस. त्या आठवड्याला तू ‘अटॅक’ म्हणतेस. माझ्या मते तो गौरीच्या आवाहनाच्या दिवशी सकाळीच सुरू झाला होता, बरं वाटतंय म्हणून तू चकलीचा सोऱ्या हातात घेतलास तेव्हा. या वर्षी लाडू आणि करंज्या विकत आण. चकल्या करायच्याच असतील तर आधीच्या आठवड्यात रोज थोड्या कर, आणि सोऱ्या निखिलरावांना फिरवू दे. कोणी काही म्हणालं तर माझं नाव सांग.

व्यायाम याच हिशेबाने करायचा. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६च्या शिफारशींमध्ये या आजाराच्या सगळ्या उपचारांचा आढावा घेतला आणि ठामपणे शिफारस केली ती एकाच उपचाराची, व्यायामाची. औषधांची नाही. हे वाचून तुला राग येईल, कारण चार पावलं चाललं तरी पोटऱ्या भरून येतात ते तू भोगते आहेस. म्हणून सुरुवात कुठून करायची ते नीट समजून घे. साधे तीन दिवस बघ, ना फार चांगले ना फार वाईट. किती चाललीस की दुसऱ्या दिवशी त्याची किंमत मोजावी लागत नाही, ते काढ. समज, बारा मिनिटं निघाली. तर तू आठ मिनिटांपासून सुरू करायचंस. आठ मिनिटं खूपच कमी वाटतील, वाटू देत. रोज आठच. अंग हलकं वाटलं तरी आठ, जड वाटलं तरी आठ. आठवडा-दोन आठवडे ते बिनतक्रार झालं की एक-दोन मिनिटं वाढवायची. अशाने अर्ध्या तासापर्यंत यायला काही महिने लागतील. सुरुवातीला दुसऱ्या दिवशी थोडं अंग दुखेल, पण त्याने इजा होत नाही आणि एक-दोन दिवसांत ते ओसरतं. तीन दिवस टिकलं तर समज की पायरी उंच घेतली, आणि एक पायरी खाली ये. बंद करू नकोस.

चालण्याबरोबर आठवड्यातून दोन वेळा थोडी ताकद वाढवणारी हालचाल हवी. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड काढल्यासारखं मागे-पुढे होणं, एवढंही पुरे. जवळपास कोमट पाण्याचा तरणतलाव असेल तर फार छान. पाण्यात अंगाचं वजन कमी लागतं आणि ज्यांना जमिनीवर जमत नाही त्यांनाही तिथे जमतं. बॉस्टनला ताय ची या संथ चिनी व्यायामाचा बारा आठवड्यांचा प्रयोग झाला होता, २०१० साली तो प्रसिद्ध झाला, आणि रुग्णांच्या दुखण्यात, झोपेत, मनःस्थितीत चांगला फरक पडलेला दिसला. आपल्याकडे ताय ची शिकवणारे सहज मिळणार नाहीत, पण संथपणे, श्वासाबरोबर केलेली योगासनं तुला चालतील. मात्र वर्गातल्या शिक्षकांना आजार आधी सांग, आणि ‘अजून थोडं ताणा’ म्हणणाऱ्या वर्गात जाऊ नकोस. रथसप्तमीला १०८ सूर्यनमस्कारांचा सामुदायिक कार्यक्रम असतो तुमच्या सोसायटीत, त्याला बघायला जा.

आता गोळीविषयी. डॉक्टरांनी रात्री अमिट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅम दिलीय आणि तू चिठ्ठीवरचं नाव शोधून घाबरलीस, ही तर नैराश्याची गोळी आहे म्हणून. औषध मूळचं नैराश्यासाठीचंच आहे, पण त्यासाठी लागणारा डोस याच्या कितीतरी पट असतो. इतक्या कमी डोसात ते झोप गाढ करायला आणि वेदनेचा तो बिघडलेला तोल थोडा सावरायला देतात. तोंडाला कोरड पडेल. सकाळी सुस्ती राहील, विशेषतः पहिले आठ-दहा दिवस. सुस्ती जात नसेल तर गोळी झोपताना घेण्याऐवजी दोन तास आधी घेऊ का, असं डॉक्टरांना विचार. वजन वाढतंय का तेही बघ. गुण यायला काही आठवडे लागतात, तेव्हा पाचव्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडू नकोस. सोडायची असेल तेव्हाही स्वतःच्या मनाने एकदम नको. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे सर्दी-खोकल्याला गेलीस तरी ही गोळी चालू आहे हे सांगायचं. आणि तुमचा दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर तो डॉक्टरांच्या कानावर आधी घाल.

ही लागू पडली नाही तर पर्याय आहेत. अमेरिकेच्या औषध नियामकाने या आजारासाठी २००७ मध्ये प्रीगाबालिन, २००८ मध्ये ड्युलोक्सेटिन आणि २००९ मध्ये मिल्नासिप्रान मंजूर केलं. प्रीगाबालिनने काहींना गरगरतं, पाय सुजतात. ड्युलोक्सेटिनने सुरुवातीला मळमळतं. काही जणींना औषधाने खूप फरक पडतो, पुष्कळ जणींना थोडाच. मी तुला खोटी आशा देणार नाही. गोळी बहुतेकदा एवढंच करते की झोप लागते आणि चालायला निघण्याइतकं अंग हलकं होतं. तेवढंही पुष्कळ आहे, जर तू खरोखरच चालायला निघालीस तर.

पर्समधल्या त्या डायक्लोफिनॅक आणि आयबुप्रोफेनच्या पट्ट्या मात्र काढून टाक. त्या सूज उतरवतात, आणि तुला सूज नाहीच. रोज घेतल्या तर पोटात व्रण होतात, मूत्रपिंडांवर ताण येतो. स्टेरॉइडचा यात उपयोग नाही आणि अफूच्या जातीच्या कडक वेदनाशामकांचाही नाही. शेजारणीने सांगितलेल्या त्या ‘वाताच्या पुड्या’ तर हातात धरू नकोस. चिठ्ठी नाही, नाव नाही, आणि दोन दिवसांत चमत्कार होतो अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडलंय. माझ्याकडे आलेल्या बायकांचे सुजलेले चेहरे मला अजून आठवतात. कोमट तेलाने हलक्या हाताने मालिश, गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, गरम पाण्याची आंघोळ, हे खुशाल कर, त्याने तात्पुरतं बरं वाटतं आणि वाईट होत नाही. खाण्याचं म्हणशील तर हा आजार बरा करणारं पथ्य असं सिद्ध झालेलं काही नाही. वांगं बंद, दही बंद, गहू बंद करत बसलीस तर अशक्तपणा तेवढा वाढेल.

झोपेकडे तू सगळ्यात कमी लक्ष देतेस, म्हणून रागावून लिहिते. १९७५ साली टोरांटोमध्ये हार्वी मोल्डोफ्स्की यांनी निरोगी माणसांना झोपवून त्यांची गाढ झोप आवाज करून मोडली, पूर्ण जागं न करता. काही रात्रींतच त्या धडधाकट माणसांचं अंग दुखायला लागलं, दाबलं की जागा हुळहुळू लागल्या. तू रात्री साडेबाराला फोन ठेवतेस, पाचला उठतेस आणि रविवारी दुपारी तीन तास झोपतेस. उठायची वेळ एक ठरव आणि रविवारीही तीच ठेव. दुपारी झोपायचंच झालं तर वीस मिनिटं, घड्याळ लावून. चार वाजल्यानंतर चहा नको. निखिलरावांना विचार, तू घोरतेस का, झोपेत श्वास अडकतो का. आणि रात्री पाय सारखे हलवावेसे वाटत असतील, पोटऱ्यांत अस्वस्थ होत असेल, तर डॉक्टरांना सांगून शरीरातला लोहाचा साठा बघून घे. यातलं काही असेल तर त्याला वेगळा उपचार आहे, आणि तो झाल्याशिवाय गोळी पुरी पडणार नाही.

ऑफिसचं. डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडून उभ्याने सीएसएमटीपर्यंत जाणं हा तुझ्या दिवसातला सगळ्यात मोठा खर्च आहे. तासभर उशिरा जाऊन उशिरा निघता येईल का, आठवड्यातून एक-दोन दिवस घरून काम होईल का, हे साहेबांना लेखी विचार, चिठ्ठीची प्रत जोडून. तोंडी विचारलेलं हवेत जातं. खांद्याची पर्स सोडून पाठीवरची सॅक घे. विसरायला होतं, शब्द आठवत नाहीत, दोन कामं एकदम हाताळता येत नाहीत, हेही या आजाराचाच भाग आहे. तुझी बुद्धी जात नाहीये. यादी कर, आणि आकडेमोडीचं काम तुझं डोकं चालतं त्या वेळेला ठेव.

घरचं जास्त अवघड. तुझ्या सासूबाई वाईट नाहीत. त्यांना दिसतं ते एवढंच की सून काल बाजारात गेली होती आणि आज पोळ्या करत नाही. ‘मला बरं नाही’ असं सांगितलंस की त्यांना त्यातून काही हाती लागत नाही. असं सांग, “आई, मळणं आणि उंच दोरीवर कपडे वाळत घालणं मला झेपत नाही. भाजी-आमटी, वरूणचा अभ्यास आणि बाजार माझ्याकडे.” काय जमत नाही आणि काय जमतं, दोन्ही एका दमात सांगायचं आणि जे जमतं म्हटलंय ते रोज करायचं. त्यांना भरवसा वाटायला लागला की बोलणं आपोआप कमी होईल. दोरीऐवजी कमरेच्या उंचीचा स्टँड आणा. ओट्याशी उभी राहताना एक पाय पाटावर ठेव, आणि अर्धं काम टेबलाशी बसून कर.

निखिलराव, हे तुमच्यासाठी. मेघना हसत असली तरी दुखत असतं, आणि दुखत असलं तरी तिला हसता येतं. दोन्ही खरं माना. तिच्या हातातलं प्रत्येक काम काढून घेऊ नका. ‘तू झोप, मी बघतो’ हे प्रेमाने म्हटलेलं वाक्य रोज झालं की माणूस अंथरुणाला लागतो. तिच्याबरोबर आठ मिनिटं चालायला जा आणि नवव्या मिनिटाला तिला परत फिरवा. चांगल्या दिवशी ती ऐकणार नाही, तेव्हा तुमची खरी गरज आहे. सकाळी उठल्या उठल्या ‘आज किती दुखतंय’ हे रोज विचारू नका, त्याऐवजी ‘आज काय करायचं ठरलंय’ असं विचारा.

मेघना, तरीही वाईट दिवस येतील. पावसाळी गार हवेत, पाळीच्या आधी, ताप येऊन गेल्यावर, घरात भांडण झाल्यावर. त्या दिवशी आठ मिनिटांची चार कर, पण शून्य करू नकोस. शेक घे, ठरलेल्या वेळी ऊठ, आंघोळ कर, आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा आठवर ये. काही लक्षणं मात्र या आजाराच्या खात्यात घालून गप्प बसायचं नाही. एखादा सांधा डोळ्यांना दिसेल असा सुजला, ताप हटत नाही, वजन आपोआप उतरतंय, तर डॉक्टरांना दाखव. एका हातातली किंवा पायातली शक्ती गेली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी जा. फायब्रोमायल्जिया असलेल्या माणसाला दुसरा आजारही होऊ शकतो.

आणि मन. इतके महिने दुखत राहिलं की कोणाचंही मन खचतं. समुपदेशकाकडे जायला सांगितलं तर ‘म्हणजे शेवटी हे मानसिकच’ असा अर्थ काढू नकोस. विचारांची आणि वागण्याची घडी बदलायला शिकवणारी उपचारपद्धती दुखण्याशी जगायला मदत करते, एवढ्यासाठीच ती असते. कधी रात्री अगदीच नकोसं झालं, जगूच नये असं वाटलं, तर निखिलरावांना उठव, मला फोन कर, किती का वाजलेले असेनात. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे आणि मराठीत बोलतात. नंबर आत्ताच फोनमध्ये घालून ठेव.

ऑगस्टमध्ये मी आठ दिवस तुझ्याकडे येते. ओटा, खुर्ची, गादी सगळं बघू, आणि मळायचं काम तेवढे दिवस माझ्याकडे. तोवर एक छोटी वही कर. तीनच गोष्टी लिहायच्या, कधी झोपलीस आणि कधी उठलीस, किती मिनिटं चाललीस, गोळी घेतलीस का. दुखणं किती होतं हे रोज लिहू नकोस, रोज मोजत बसलं की लक्ष तिथेच अडकून राहतं. पुढच्या तारखेला वही डॉक्टरांकडे घेऊन जा.

गुरुवारी रात्री नऊनंतर फोन कर. निखिलरावांना काही विचारायचं असेल तर त्यांनी स्वतः करावा, मी वाट बघते. ताईला सांग, मी सविस्तर लिहिलंय, आता काळजीने दर तासाला तुला फोन करू नको म्हणावं. वरूणला गोड पापा.

तुझी,
सुमनमावशी